बोहारणीची पाटी ते मीशो: रिसेलिंगवर घर चालतं का?

आजचा विषय मी निवडलेला नाही, तुमच्यातल्याच एका ताईंनी दिलाय. कुरुंद्याच्या आहेत. वसमतला कापडाच्या दुकानात कामाला जातात, आणि संध्याकाळी घरी आलं की व्हॉट्सॲप ग्रुपवर साड्या, कुर्त्या, किचनचं सामान टाकतात. ऑर्डरी येतात. त्यांचा प्रश्न असा की, दुकान सोडून हेच पूर्णवेळ केलं तर घर चालेल का?

यूट्यूबवर विचारलं तर ‘महिन्याला लाख कमवा’ सांगणारे शंभर जण भेटतील. आपला कार्यक्रम इतिहासाचा आहे, त्यामुळे मी जरा मागून सुरुवात करतो. दुसऱ्याची वस्तू घ्यायची आणि वर चार पैसे ठेवून विकायची, यावर पिढ्यान्‌पिढ्या घरं चाललीत. कुणाची चालली आणि कशाच्या जोरावर चालली, एवढंच बघू.

आपल्या जिल्ह्यात नर्सी नामदेव आहे. नामदेव महाराजांचं घराणं शिंप्याचं, म्हणजे कापडाशी संबंध आलाच. त्यांची एक कथा तुम्ही कीर्तनात ऐकली असेल. वडिलांनी, दामाशेटींनी, कापड विकायला बाजारात धाडलं. नामदेवांचं मन विठ्ठलात. त्यांनी कापड धोंड्यांना उधार देऊन टाकलं आणि वसुलीला जामीन म्हणून आणखी एक धोंडा धरला! कथेत पुढे त्या धोंड्याचं सोनं होतं. आपल्या धोंड्याचं होत नाही, हा भाग वेगळा. पण कथा सांगणाऱ्यांना व्यापार चांगला कळत होता. माल कुणाला दिला, पैसे कधी येणार आणि जामीन कोण, या तीन गोष्टींवरच तर ती बेतलेली आहे. आजही ग्रुपवर ‘पाठवा ताई, पगार झाला की देते’ असा मेसेज येतो, तेव्हा हेच तीन प्रश्न असतात.

नंतर लमाणांचे तांडे. आपल्याकडच्या कितीतरी तांड्यांचे पूर्वज शेकडो बैलांवर माल लादून देशभर फिरत. कोकणातलं मीठ वर घाटावर, वऱ्हाडात आणायचं, इकडचं धान्य, कापूस तिकडे न्यायचा. मीठ तिथलं आणि मीठ इथलं, दोन्हीच्या भावात जो फरक, त्यावर तांडा जगायचा. वाटेतली जोखीमही त्याचीच: चोर, दुष्काळ, बैलांचा रोग. मग रेल्वे आली. १८६७ साली मुंबईहून निघालेली लाईन नागपूरला पोचली आणि मीठ वाघिणीत बसून येऊ लागलं. भावातला फरक आटला, तसा बैलांवरचा धंदाही आटला. लमाण कष्टाला कमी पडले असं कुणी म्हणणार नाही. ज्या फरकावर ते जगत होते तोच राहिला नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता माझ्या आवडीचं पात्र. बोहारीण.

विशीतल्या मंडळींनी कदाचित पाहिली नसेल, आईला विचारा. दुपारची वेळ, पुरुष माणसं कामावर, आणि गल्लीतून हाक यायची, ‘भांडीऽऽ’. डोक्यावर पाटी, पाटीत चकचकीत स्टीलची पातेली, डबे, वाट्या, आणि काखेत जुन्या कपड्यांचं गाठोडं. जुने कपडे द्या, भांडं घ्या. पैशाचा व्यवहारच नाही. मुंबईत आणि गुजरातेत हा धंदा मुख्यतः वाघरी समाजाच्या बायकांनी चालवला. त्यांच्यातले बरेच जण आता स्वतःला देवीपूजक म्हणवतात.

तिची परीक्षा बघण्यासारखी असायची. साडी उजेडात धरायची, दोन्ही हातांनी ताणून बघायची, काठ चाचपायचे. काठाला खरी जर असेल तर चेहरा मात्र दगडासारखा ठेवायचा, कारण जर आटवली की चांदी निघते. पँटला भाव जास्त, कारण ती धुऊन, इस्त्री करून पुन्हा विकली जाते. सुती धोतर विरलं असेल तर ते चिंध्यांत जमा. आणि मग तो घासाघिशीचा तास. ‘एवढ्यात पातेलं नाही बसत बाई, वाटी घ्या. नाहीतर अजून एक पँट द्या.’ घरातली बाई आत जाऊन नवऱ्याची बरी पँट घेऊन यायची, आणि संध्याकाळी त्यावरून भांडण व्हायचं!

पाटीतली भांडी तिनं ठोक दुकानातून आणलेली असत, बऱ्याचदा उधारीवर. गाठोड्यातले कपडे घरी जाऊन निवडायचे, धुवायचे, टाके घालायचे, मग जुन्या कपड्यांच्या बाजारात बसून विकायचे. दिल्लीत रघुबीर नगरचा असा बाजार पहाटे चारच्या सुमारास सुरू होतो. पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. तिथं कपड्यांपासून घड्याळाच्या काट्यांपर्यंत काहीही मिळतं.

आता सांगा, बोहारीण पैसे कुठे कमवायची? कपडे विकताना? नाही हो. बाजारात पहाटे शेजारी पन्नास जणी तोच माल घेऊन बसलेल्या, तिथं भाव तिच्या हातात नव्हता. तिनं पैसे कमावले आपल्या आजीच्या उंबरठ्यावर, ती जरीची साडी एका पातेल्यात घेताना. माल कुठे आहे, कुणाला नको झालाय आणि त्याची खरी किंमत काय, हे तिला ठाऊक होतं आणि समोरच्याला नव्हतं. शिवाय गल्ली तिची होती. वर्षानुवर्षं तीच घरं, त्याच बायका. लग्न झालेलं घर कुठलं, बाळंतीण कुठे आहे, म्हातारं माणूस कुठे गेलं, म्हणजे कपडे कुठे निघणार, हे सगळं तिच्या डोक्यात. पूर्णवेळ रिसेलिंगवर घर चालवणारी बाई म्हणून मी आधी तिचंच नाव घेईन. गाठोडं उचलून दिवसभर उन्हात, आणि मान मात्र काही नाही, हेही सांगायला हवं.

दूरच्या माणसाला माल विकायची सोय टपालाने केली. १८७७ साली इंग्रज सरकारच्या टपालखात्यानं व्हॅल्यू पेएबल पोस्ट सुरू केलं. आपण त्याला व्ही.पी. म्हणतो. पोस्टमन पार्सल आणणार, पैसे घेणार, मगच पार्सल देणार, आणि पैसे विकणाऱ्याला पोचवणार. म्हणजे आजचं कॅश ऑन डिलिव्हरीच की! जुनी मराठी मासिकं चाळा, औषधं, घड्याळं, पुस्तकं, सगळ्यांच्या जाहिरातीत व्ही.पी. असते. दुखणंही तेव्हापासून तेच: गिऱ्हाईकानं दारात आलेलं पार्सल नाकारलं की दोन्हीकडचा खर्च विकणाऱ्याच्या डोक्यावर. हल्लीचे रिसेलर याला ‘आरटीओ’ म्हणतात. आपल्याला आरटीओ म्हटलं की लायसन्स आठवतं, त्यांना माघारी आलेलं पार्सल.

इंटरनेटवरची सुरुवात मुंबईतली. २००० साली अवनीश बजाज आणि सुवीर सुजन यांनी बाझी डॉट कॉम सुरू केलं, कुणीही वस्तू मांडावी आणि कुणीही बोली लावावी. २००४ मध्ये अमेरिकेच्या ईबेने ते सुमारे ५ कोटी डॉलरला विकत घेतलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात साईटवर कुणीतरी एक अश्लील क्लिप विकायला ठेवली आणि डिसेंबरात बजाज यांना अटक झाली. बाजार भरवणारा जबाबदार की माल मांडणारा, हा वाद तिथून पेटला आणि पुढे २००८ मध्ये आयटी कायद्यात बदल झाले. ईबे इंडियावर ‘पैसापे’ नावाची सोय होती: गिऱ्हाईकाचे पैसे मध्ये अडकून राहायचे, माल पोचला की विकणाऱ्याला मिळायचे. नामदेवांच्या धोंड्याला अखेर कामाचा जामीन मिळाला म्हणा!

त्या काळात जुनी नाणी, टपाल तिकिटं, वापरलेले मोबाईल, कॅमेऱ्याच्या लेन्स असं विकून चांगलं कमावणारे लोक होते. हे लोक बोहारणीच्याच जातकुळीचे. दुर्मीळ माल शोधून काढायचा, पारखायचा, स्वस्तात घ्यायचा, ही अर्धी लढाई ते साईटवर येण्याआधीच जिंकलेले असत. तरी एक गोष्ट त्यांच्या हातात नव्हती: बाजार. ईबेने २०१७ मध्ये भारतातला धंदा फ्लिपकार्टला दिला आणि १४ ऑगस्ट २०१८ ला साईट बंद झाली. वर्षानुवर्षं जमवलेले चांगले शेरे, रेटिंग, सगळं गेलं. बोहारणीची गल्ली अशी एका तारखेला कुणी बंद केली नव्हती.

मग आपल्यापर्यंत इंटरनेट आलं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झालं आणि गावागावात फोनवर व्हिडिओ चालू लागले. त्याच्या आदल्या वर्षी, २०१५ मध्ये, विदित आत्रेय आणि संजीव बर्नवाल या आयआयटी दिल्लीच्या दोघांनी कंपनी काढली होती. पहिली कल्पना फसली. मग बायका व्हॉट्सॲपवर कपडे विकतात हे पाहून त्यांनी मीशो उभारलं, म्हणजे ‘मेरी शॉप’. फोटो ॲपवरून घ्या, ग्रुपवर टाका, किमतीत आपला नफा मिळवा, माल कंपनी थेट पोचवेल. दुकान नको, भांडवल नको, गोदाम नको. २०१९ मध्ये फेसबुकने त्यात पैसे घातले.

यात चांगलं काय झालं हे मी आधी सांगतो. घराबाहेर पडायची मुभा नसलेल्या कितीतरी बायकांच्या हातात पहिल्यांदा स्वतःचे पैसे आले. ही लहान गोष्ट नाही आणि तिची चेष्टा करणाऱ्यांचा मला राग येतो.

पण बोहारणीशी ताडून बघा. खरेदी कुणाच्या हातात? ॲपच्या. भाव कुणी ठरवला? ॲपनं. पारख कुणाची लागली? कुणाचीच नाही. रिसेलरकडे उरलं एकच, ओळख. नणंद, मैत्रीण, शेजारीण यांचा विश्वास. आणि हेच रेल्वेसारखं झालं. २०२१च्या सुमारास मीशोने थेट गिऱ्हाईकाकडे मोर्चा वळवला, विक्रेत्यांचं कमिशन शून्य केलं, टीव्हीवर जाहिराती केल्या. आता नणंदेच्या फोनमध्येही तेच ॲप. ४५० ची साडी वहिनी ५३० ला सांगते हे तिला दोन मिनिटांत कळतं. पैसे राहू द्या, नात्यातच कडवटपणा येतो. ग्लोरोड नावाचं असंच ॲप २०२२ मध्ये ॲमेझॉनने विकत घेतलं. मीशो डिसेंबर २०२५ मध्ये शेअर बाजारात आली. कंपनी मोठी झाली. तिला वर नेणाऱ्या वहिनीची गरज मात्र कमी झाली.

ताईंच्या प्रश्नाचा हिशोब करू. समजा एका साडीमागे ८० रुपये सुटतात आणि महिन्याला १५,००० हवेत. म्हणजे १८८ साड्या गिऱ्हाईकाच्या हातात पोचल्या पाहिजेत. पाचातली एक माघारी आली तर ऑर्डर हव्यात २३५. रोज आठ, रविवार धरून, श्रावण असो की पेरणी. कुरुंदा मोठं गाव आहे, पण दर महिन्याला, त्याच ग्रुपवर, इतक्या? ताई, या पद्धतीनं चालत असेल तर दुकान सोडू नका, असं माझं स्पष्ट मत. दुकानात तुम्ही सुरतचा माल कोणता, रंग कुठला जातो, ठोक भाव काय, हे शिकताय. ती पारख ॲप देत नाही.

मग खरेदी आपल्या हातात येईल असं गावाकडे काय आहे? पहिली हळद. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक पाकिटावर गावाचं नाव शोधतं, आणि शिजवून, वाळवून, पॉलिश केलेली चांगली हळद कुणाच्या घरी आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, ॲपला नाही. अन्नपदार्थ म्हणून एफएसएसएआयची नोंदणी लागेल. माल साठवायचा तर जागाही उंचावर हवी. जुलै २०२२ मध्ये कुरुंद्यात पुराचं पाणी घराघरांत शिरलं होतं, ते विसरू नका. जीएसटीचं एक ऐका: आधी ऑनलाईन माल विकायचा तर उलाढाल कितीही असो, नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून मर्यादेच्या आतल्या छोट्या विक्रेत्यांना राज्यातल्या राज्यात विकायला ती सक्ती नाही. राज्याबाहेर ऑनलाईन विकायचं तर मात्र लागते.

दुसरं, माळ्यावरचं पितळ. घंगाळी, हंडे, समया, अडकित्ते, पायली-शेराची मापं आपण किलोवर मोडीत घालतो आणि तीच शहरात ‘व्हिंटेज’ म्हणून विकली जातात. इथं पारख असलेल्याला अजून जागा आहे. फक्त शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू आणि नाणी १९७२च्या पुरावशेष कायद्याखाली येतात. त्यांच्या धंद्याला परवाना लागतो आणि त्या परदेशी पाठवता येत नाहीत.

आणि जुन्या नोटा. निजामाच्या राज्यात आपल्याकडे हाली सिक्का चालायचा, तेव्हा आजोबांच्या पेटीत काही नाणी निघतीलही. जाणकाराला दाखवा, त्यांना किंमत असते. पण ‘ट्रॅक्टरच्या पाच रुपयांच्या नोटेला पाच लाख’ असा व्हिडिओ पाहून कुणी आधी फी किंवा टॅक्स भरायला सांगितला तर फोन ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ ला याबद्दल जाहीर इशारा दिलाय: असल्या व्यवहारात बँक नाही, तिनं कुणाला अधिकार दिलेला नाही आणि ती कसलंही शुल्क घेत नाही.