कोरेगिडोर: दारूगोळ्याचा हिशेब

3 फेब्रुवारी 1942. अमेरिकी पाणबुडी ‘ट्राउट’ मनिला उपसागराच्या तोंडावरच्या कोरेगिडोर बेटाला लागली. विमानविरोधी तोफांचे 3,500 गोळे उतरवले. परतीला वजन हवे म्हणून 20 टन सोने-चांदी भरली. जपानी नाकेबंदीतून पाणबुडीत मावेल तेवढेच येणार होते.

9 एप्रिल. बेटासमोरचा बटान द्वीपकल्प पडला. जपानी तोफा आता तीन-साडेतीन किलोमीटरवर.

2 मे, दुपारी 4:27. बेटावरच्या ‘गिअरी’ तोफखान्यात 12 इंची आठ उखळी तोफा होत्या. तटबंदी बांधताना धोका जहाजांचा धरला होता, वरून कोसळणाऱ्या गोळ्यांचा नाही. 240 मिलिमीटरचा एक जपानी गोळा मधल्या कोठारात शिरला. आत प्रत्येकी 62 पौंडांच्या दारूच्या 1,600 पिशव्या होत्या. एका तोफेची दहा टनांहून जड नळी दीडशे यार्डांवर गोल्फच्या मैदानात जाऊन पडली. एवढा साठा एका क्षणात संपला, तोही शत्रूवर न डागता.

4 मे. चोवीस तासांत बेटावर सुमारे 16,000 जपानी गोळे पडले. टेलिफोनच्या तारा तुटल्या, शोधदिवे फुटले, किनाऱ्यावरच्या तोफा गाडल्या गेल्या. माझ्या मते बेटाचा पराभव इथेच ठरला. गोळा कोठारात असूनही तो डागायला तोफ नव्हती आणि तोफ असली तर हुकूम पोहोचत नव्हता.

5 मे, रात्री 11 नंतर. जपानी होड्या प्रवाहाने ठरलेल्या जागेच्या पूर्वेला ओढल्या गेल्या. शिल्लक तोफांनी त्यांची दाणादाण उडवली. तरीही वाचलेले सैनिक किनाऱ्यावर चढले.

6 मे, पहाटे 1:30. ‘डेन्व्हर’ तोफखाना जपान्यांच्या हाती.

4:30. बेटाच्या किनारा-बचावाचे प्रमुख कर्नल हॉवर्ड यांनी शेवटची राखीव तुकडी काढली. सुमारे 500 माणसे. त्यांत पायदळाची लढाई कधी न लढलेले खलाशी होते.

पहाटे जपान्यांचाही दारूगोळा संपत आला होता. बऱ्याच पेट्या किनाऱ्याला लागल्याच नव्हत्या, काही ठिकाणी संगिनींनी लढाई चालली. बेटावरच्या मलिंटा बोगद्यात बसलेले अमेरिकी सेनापती जनरल वेनराइट यांना हे ठाऊक नव्हते.

सकाळी 10 च्या सुमारास. तीन जपानी रणगाडे पुढे सरकले. त्यांना अडवायला हाताशी काही उरले नव्हते. बोगद्यात सुमारे हजार जखमी होते.

10:15. वेनराइट यांनी शरणागतीचा निर्णय घेतला. उरलेली मोठी शस्त्रे दुपारपर्यंत निकामी करा, असा हुकूम सुटला.

दुपारी 12. पांढरे निशाण. 11,000 हून अधिक माणसे कैद झाली.