विल्हेल्मस्ट्रास : शेवटचे ८३ तास

आपण दिल्लीच्या धोरणाला ‘साउथ ब्लॉक’ म्हणतो, तसं १९३९ च्या जगात जर्मनीच्या परराष्ट्र खात्याला ‘विल्हेल्मस्ट्रास’ म्हणत. बर्लिनच्या याच रस्त्यावर परराष्ट्र मंत्रालय होतं आणि शेजारी चॅन्सेलरी.

३० ऑगस्ट, मध्यरात्र
ब्रिटिश राजदूत नेव्हिल हेंडरसन मंत्रालयात येतात. परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉप पोलंडविषयीच्या प्रस्तावाचे १६ मुद्दे जर्मनमध्ये भराभर वाचतो. हेंडरसन कागद मागतात. ‘पोलंडचा प्रतिनिधी आला नाही, आता मुदत टळली,’ असं सांगून तो कागद देत नाही. दुभाषा पॉल श्मिट भाषांतराला तयार बसलेला. त्याला कुणी विचारत नाही.

३१ ऑगस्ट, दुपार
हिटलर पोलंडवरच्या हल्ल्याच्या आदेशावर सही करतो. वेळ : दुसऱ्या दिवशी पहाटे ४.४५.

सायंकाळी ६.३०
पोलंडचे राजदूत लिप्स्की रिबेनट्रॉपच्या भेटीला येतात. वाटाघाटींचे पूर्ण अधिकार नाहीत, हे कळताच भेट आटोपते.

रात्री ८
सीमेवरच्या ग्लायविट्झ रेडिओ केंद्रावर हिटलरच्या एसएस दलाची माणसं पोलिश हल्ल्याचा बनाव रचतात.

रात्री ९
पोलंडनं १६ मुद्दे धुडकावले, असं जर्मन रेडिओ सांगतो. अधिकृतपणे ते पोलंडला दिलेच नव्हते.

१ सप्टेंबर, पहाटे पावणेपाच
डान्झिगजवळ ‘श्लेस्विग-होल्स्टाइन’ ही जर्मन युद्धनौका वेस्टरप्लाट या पोलिश तळावर तोफा डागते.

३ सप्टेंबर, सकाळी ९
ब्रिटनचं निर्वाणीचं पत्र घ्यायला रिबेनट्रॉप भेटत नाही. श्मिटला पुढे करतो. श्मिट चॅन्सेलरीत जाऊन ते हिटलरला वाचून दाखवतो. हिटलर निश्चल बसून राहतो.

सकाळी ११
पत्रातली मुदत संपते. ब्रिटन युद्धात उतरतं. त्याच दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो भारतही युद्धात असल्याचं जाहीर करतात. एकाही भारतीय नेत्याला न विचारता. याच युद्धात जुलै १९४४ मध्ये माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे इटलीत लढताना कामी आले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

हल्ल्याचा पहिला आदेश २५ ऑगस्टलाच निघून ऐनवेळी मागे घेतला गेला होता. म्हणजे लढाई ठरलेलीच होती. ते १६ मुद्दे दोष पोलंडच्या माथी मारण्यापुरते होते. म्हणून कोणतंही सरकार युद्धाआधी ‘आम्ही प्रस्ताव दिला होता’ म्हणेल, तेव्हा तो कुणाच्या हातात आणि कधी दिला, हे नागरिकांनी आधी विचारावं.