खडीची वाट आणि गवताचे दप्तर

इतिहास बहुधा किल्ल्यांचा, तहांचा आणि वंशावळींचा लिहिला जातो. गवताचा इतिहास लिहावा, असे सहसा कोणास वाटत नाही. आम्हांसही वाटले नसते. परंतु २०२३ च्या सप्टेंबरात शिकागोजवळील नेपरविल गावी चिरंजीवांकडे आमचा मुक्काम होता. एका रविवारी सकाळी त्यांनी आमच्या हाती एक सायकल दिली, आणि त्या निमित्ताने आमच्याच सेवाकाळातील एक विसरलेले पान उघडले गेले.

या सायकलीस तिकडे ‘ग्रॅव्हल बाइक’ म्हणतात, म्हणजे खडीच्या वाटेची सायकल. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले असते, पण टायर जाडसर, सुमारे ४० मिलिमीटर रुंदीचे. त्यांत हवा बेताचीच भरतात. त्यामुळे चाक खड्यावर उसळत नाही, त्यास धरून चालते. इंदुरात महाविद्यालयीन दिवसांत आम्ही काळी, भारदस्त सायकल पुष्कळ दामटली होती. तो सराव चाळीस वर्षांनी कामी आला.

या छंदामागील इतिहास मोठा गमतीचा आहे. १८८० मध्ये अमेरिकेतील न्यूपोर्ट येथे ‘लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन’ ही सायकलस्वारांची संस्था स्थापन झाली. चिखलाच्या आणि खाचखळग्यांच्या रस्त्यांना विटलेल्या या मंडळींनी उत्तम रस्त्यांसाठी देशव्यापी चळवळ उभारली. रस्त्यावर मोटार येण्यापूर्वीची ही गोष्ट. १८९० च्या दशकात शिकागो हे सायकलींच्या कारखानदारीचे मोठे केंद्र होते. प्रसिद्ध ‘श्विन’ कंपनी तेथेच १८९५ मध्ये निघाली. पुढे पक्के रस्ते झाले, पण त्यांवर मोटारींचेच राज्य आले. आता त्या सायकलस्वारांची पणतवंडे जीव मुठीत धरून चालवण्यापेक्षा बरे म्हणून पुन्हा कच्च्या वाटा शोधत आहेत. २००६ मध्ये कॅन्सस राज्यातील एम्पोरिया येथे अवघ्या ३४ जणांनी माळावरील खडीच्या रस्त्यांवरून दोनशे मैलांची शर्यत केली. आज त्याच शर्यतीस हजारोंनी लोक जमतात. खडीची वाट आणि गवताळ प्रदेश यांची सांगड अशी पडली.

आम्ही गेलो ते स्थान शिकागोच्या नैर्ऋत्येस, विल्मिंग्टन गावाजवळ आहे. ‘मिडेविन राष्ट्रीय उंच-गवत प्रेअरी’ असे त्याचे नाव. प्रेअरी म्हणजे वृक्षविरहित विस्तीर्ण माळरान. ‘मिडेविन’ हा पोटावाटोमी या मूळ रहिवाशांच्या भाषेतील शब्द असून त्याचा अर्थ व्याधी बरी करणे, असा सांगतात. सौ. आणि सूनबाई वाटेच्या तोंडाशी झाडाखाली बसल्या, आणि आम्ही पितापुत्र पुढे निघालो. दोन्ही बाजूंस ‘बिग ब्लूस्टेम’ हे गवत डोक्याइतके उंच वाढलेले. त्याचे तुरे पक्ष्याच्या पंजासारखे तीन बोटांचे. फलकावर सूचना होती की सायकल आखलेल्या वाटेवरूनच न्यावी. कारण उघड आहे : माळावरचे पुष्कळ पक्षी जमिनीवरच घरटी करतात, आणि टायरास चिकटून परक्या तणाचे बी गवतात शिरते.

इलिनॉय राज्यास ‘प्रेअरीचे राज्य’ म्हणण्याचा प्रघात आहे. दोनशे वर्षांपूर्वी तेथे सुमारे २ कोटी २० लाख एकर माळरान होते. १८३३ च्या शिकागो येथील तहानंतर पोटावाटोमी लोकांना मिसिसिपीपलीकडे घालवण्यात आले. १८३७ मध्ये त्याच राज्यातील ग्रँड डेटूर या खेड्यात जॉन डीअर नावाच्या लोहाराने पोलादी फाळाचा नांगर घडवला. तेथील काळी, चिकट माती लोखंडी फाळास लिंपून बसे. गुळगुळीत पोलादावरून ती आपोआप सुटू लागली. एवढ्याशा सुधारणेने शतकानुशतकांचे गवत दोन-तीन पिढ्यांत नाहीसे झाले. मूळ स्वरूपातील माळरान आज त्या राज्यात शतांश टक्काही उरलेले नाही.

मिडेविनच्या भूमीचेही तेच झाले होते. तेथे मक्याची शेते झाली. मग १९४० मध्ये युद्धाची चाहूल लागताच सरकारने पस्तीस हजारांहून अधिक एकर जमीन शेतकऱ्यांकडून घेऊन दारूगोळ्याचे प्रचंड कारखाने उभारले. युद्धकाळात तेथे शंभर कोटी पौंडांहून अधिक टीएनटी निर्माण झाले. ५ जून १९४२ रोजी स्फोट होऊन ४८ कामगार मृत्यू पावले. पुढे कारखाने थंडावले, आणि १९८० च्या दशकात ही जागा देशातील अतिदूषित स्थळांच्या यादीत गेली. ज्या जमिनीचे दप्तर इतके बिघडले, तिचे पुढे काय होणार, असे कोणीही म्हटले असते. परंतु १९९६ मध्ये कायदा होऊन तेथे देशातील पहिली राष्ट्रीय उंच-गवत प्रेअरी स्थापन झाली. पुढल्या वर्षी लष्कराने पंधरा हजारांवर एकर जमीन वनखात्याच्या स्वाधीन केली, आणि २००४ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली.

आम्ही सायकल चालवीत होतो त्या वाटांपैकी काही कारखान्याच्या जुन्या रस्त्यांवरूनच जातात. मध्येच माती घालून बुजवलेली दारूगोळ्याची कोठारे टेकाडांसारखी दिसतात. त्यांच्या पाठीवर गवत डोलते. दूर कुंपणाआड गव्यासारखे अंगाने भरलेले बायसन चरत होते. २०१५ मध्ये २७ जनावरे आणून हा कळप सुरू केला. नवल वाटले ते असे की, काही भागांत साधी पाळीव गुरेही मुद्दाम चारतात; कारण काही पक्ष्यांना आखूड गवतच मानवते. बी गोळा करणे, वाफ्यांत वाढवणे, शेतातील पाणी काढून देणारे जुने भूमिगत नळ उपटणे, ठरल्या वेळी गवतास आग लावणे, ही कामे पाव शतक चालू आहेत आणि पुष्कळ शिल्लक आहेत. एका ठिकाणी मात्र मूळचे माळरान तुकड्यातुकड्यांनी वाचले होते. तेथे डोलोमाइटचा खडक इतका वर आहे की नांगर चालेना. नापीक म्हणून सोडलेली तीच जमीन आज सर्वांत मौल्यवान ठरली आहे. दुर्मिळ वनस्पती तेथेच सापडतात.

तेथे थांबलो असता चिरंजीवांनी विचारले, “बाबा, आपल्याकडे असे काही आहे का हो?”

आम्ही तत्काळ उत्तर दिले नाही. आमच्या पूर्वजांनी ज्या सैन्यासोबत नर्मदा ओलांडली, त्याचे बळ घोड्यांत होते आणि घोड्यांचे बळ गवतात. म्हणून मराठेशाहीत कुरणे राखली जात. माळव्यात राखीव गवताच्या रानास ‘बीड’ म्हणतात, आणि मध्य प्रदेशच्या महसुली दप्तरात गावच्या चराऊ जमिनीस ‘चरनोई’ असा शब्द आहे. ही जमीन बहुधा मुरमाड, उथळ मातीची. पिकास नालायक, गवतास उत्तम.

१९८६ च्या पावसाळ्यानंतर आम्ही नव्या उमेदीचे महसूल अधिकारी होतो. एका तहसिलीत ‘निरुपयोगी’ सरकारी जमिनीची यादी मागवण्यात आली. एका गावी कमरेइतक्या गवतात उभे राहून आम्ही पाहणी करीत होतो. त्याच रानात श्रावणात आम्ही स्वतः खरमोराचा नर गवतातून पुन्हा पुन्हा उसळी घेताना पाहिला होता. मराठीत ज्यास तणमोर म्हणतात, तोच हा पक्षी. गावचा वृद्ध कोटवार हात जोडून म्हणाला, “साब, ये पड़त नहीं, बीड़ है।” आम्ही हसलो आणि रकान्यात ‘पडत’ असे लिहून सही केली. पुढे तेथे निलगिरीची झाडे लागली. हेतू वाईट नव्हता. हिरवळ म्हणजे झाडे, अशी त्या काळची समजूत होती. पण सावलीखालचे गवत गेले, गुराख्यांनी कळप अन्यत्र वळवले, आणि खरमोर पुन्हा दिसला नाही.

त्याच्या तीन वर्षे आधी, १९८३ मध्येच, याच पक्ष्यासाठी रतलाम जिल्ह्यात सैलाना आणि धार जिल्ह्यात सरदारपूर येथे अभयारण्ये घोषित झाली होती. हुकूम आमच्या वाचनात होता. पण आमच्या रकान्यातील एका शब्दाशी त्याचा संबंध आहे, हे ध्यानात आले नाही. आज हा पक्षी अतिसंकटग्रस्त गणला जातो आणि साऱ्या देशात त्यांची संख्या हजाराच्या आत असल्याचा अंदाज आहे.

चिरंजीवांना आम्ही हे सारे परतीच्या वाटेवर सांगितले. ते काही बोलले नाहीत. आमच्या बेताने सायकल हळू चालवीत राहिले.

मिडेविन पाहून माळव्याची अभयारण्ये तशीच करावीत, असे आम्ही म्हणत नाही; त्यांचा पैसा, मनुष्यबळ आणि जमीन वेगळी. परंतु तेथे नांगर, कारखाना आणि विष इतके सारे पचवूनही गवत परत आणता येते असे दिसले, आणि ते परत आणण्यास किती कष्ट पडतात हेही दिसले. जे आमच्याकडे अद्याप आहे, ते राखणे त्याहून पुष्कळ स्वस्त आहे. त्याची सुरुवात योग्य नावाने होते. ‘पडत’ लिहिलेली जमीन कोणीही मागू शकतो. ‘बीड’ लिहिलेल्या जमिनीस निदान विचारणारा तरी भेटतो.

आपल्यापैकी अनेक घराण्यांत जुन्या सनदा, इनामाचे कागद, हिशेबाच्या वह्या आहेत. त्यांत कुरण, बीड, चरनोई, गवताचा आकार अशा नोंदी आढळल्यास त्यांची नक्कल संस्थेच्या दप्तरी द्यावी, अशी वाचकांस आमची विनंती आहे. कोठे गवत होते याचा तो पुरावा ठरेल. आमच्या सहीने जो एक पुरावा पुसला गेला, त्याची भरपाई याहून अन्य रीतीने करणे आता आमच्या हाती नाही.