शिरक्याचा हौद आणि न दिसणारा आरोपी

घरात विरजण लागले नाही, दूध तसेच पाणचट राहिले, की पहिला संशय घेतला जातो तो सुनेवर. भांडे नीट घासले नसेल, दूध फार गरम असताना विरजण घातले असेल, एवढे बोलून निकाल लागतो. विरजणाची चौकशी कोणी करीत नाही. कारखान्याची रीतही याहून निराळी नाही. तेथे सुनेच्या जागी रात्रपाळीचा कामगार असतो, इतकेच.

आम्ही काही शास्त्रज्ञ नव्हे. आमचे शिक्षण झाले ते फाटकावरच्या सभांत आणि नगरवाचनालयाच्या बाकावर. तरी या विषयाकडे आम्ही वळलो याला कारण घडले. २००१ साली आमच्या भागातल्या एका लहान कारखान्यात मळीच्या स्पिरिटपासून शिरका, म्हणजे व्हिनेगर, तयार होत असे. एका रात्री हौदातली आम्लता चढता चढता थांबली आणि सकाळी सारा माल वाया गेला. रात्रपाळीच्या माणसाने हवेचा पंप बंद ठेवून झोप काढली, असा ठपका ठेवून त्याला घरी बसविले. आम्ही नोंदवही मागितली. पंप रात्रभर चालू असल्याची नोंद तीत होती. पुढच्या पंधरवड्यात, दुसरी माणसे पाळीवर असताना, आणखी दोन हौद तसेच बसले. तीन महिन्यांनी तो माणूस कामावर परत आला, पण पगार बुडाला तो बुडालाच. हौद का बसला, हे मात्र कोणी तपासले नाही. त्या प्रश्नाचा माग काढताना जो इतिहास हाती लागला, तो येथे सांगावयाचा आहे.

शिरका आपल्या मुलखाला परका नाही. कृष्णाकाठी, सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत ऊस आहे. आणि हे दोन जिल्हे तरी मुळात एकच. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. गुऱ्हाळावर रस उघडा राहिला तर तो आधी फसफसतो आणि मग आंबट होतो, हे येथल्या पोरासोरांनाही ठाऊक असते. यात दोन कामगारांच्या दोन पाळ्या असतात. पहिल्या पाळीत यीस्ट साखरेचे मद्यार्क करते. दुसऱ्या पाळीत असेटोबॅक्टर जातीचे जीवाणू हवेतला प्राणवायू घेऊन त्या मद्यार्काचे आम्ल करतात. हे दुसरे कामगार मोठे नाजूक. हवा थांबली की ते मरतात.

या जीवाणूंचे काम जगाला नीट उलगडून सांगितले ते लुई पाश्चरने. फ्रान्समधले ऑर्लेआँ हे शिरक्याचे गाव. तेथे लाकडी पिंपांत हळूहळू शिरका होई आणि वर साईसारखा पापुद्रा धरे. तो पापुद्रा सजीव आहे आणि आम्ल तोच करतो, हे पाश्चरने दाखविले. आणि १८६७ साली ऑर्लेआँला जाऊन तेथल्या शिरकेवाल्यांपुढे व नागरिकांपुढे जाहीर व्याख्यान दिले. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, त्याच्या आठ वर्षे आधीची ही गोष्ट. धंद्यातले ज्ञान धंदा करणाऱ्यांच्या पुढे उघड मांडावे, ही रीत आम्हांला फार मोलाची वाटते.

पण जीवाणूंनाही रोग होतो, हे पाश्चरला ठाऊक नव्हते. त्या गोष्टीची पहिली चाहूल लागली ती आपल्या देशात. आग्र्याला हँकिन नावाचा इंग्रज जंतुशास्त्रज्ञ होता. गंगेच्या व यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात, असे त्याला आढळले आणि १८९६ साली त्याने ते प्रसिद्ध केले. पाणी उकळले की हा गुण नाहीसा होई. जीवाणू अडवणाऱ्या बारीक गाळणीतून गाळले तर मात्र टिकून राही. हँकिनने त्याचे कारण एखादा उडून जाणारा पदार्थ असेल असे मानले. पुढे अनेकांना तेथे जीवाणूंच्या विषाणूंची खूण दिसली. १९१५ साली इंग्लंडमध्ये ट्वॉर्टने आणि १९१७ साली पॅरिसमध्ये देरेलने हे विषाणू ओळखले. देरेलने त्यांना नाव दिले 'बॅक्टेरियोफाज', म्हणजे जीवाणुभक्षक.

कॉलरा म्हटला की आपल्या भागात वारीच्या आठवणी निघतात. त्याच कॉलऱ्यावर हे भक्षक सोडून पाहण्यासाठी देरेल १९२७ साली हिंदुस्थानात आला. पुढे आसामात त्यांचे मोठे प्रयोग झाले. मुंबईच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये प्लेगवरही असे प्रयोग झाले. रोगावरचे हे प्रयोग मागे पडले, पण भक्षक काही नाहीसे झाले नाहीत. जेथे जीवाणू तेथे ते असतातच. मग जीवाणू रोगाचा असो वा रोजगाराचा.

रोजगाराच्या जीवाणूंवरचा घाला प्रथम दिसला दुधाच्या धंद्यात. न्यूझीलंडमध्ये चीजचे विरजण एकाएकी निकामी होई. १९३५ साली व्हाइटहेड आणि कॉक्स यांनी त्याचे कारण हेच भक्षक असल्याचे सांगितले. शिरक्याची पाळी पुष्कळ उशिरा आली. १९४९ साली ऑस्ट्रियात ह्रोमात्का आणि एबनर यांनी हौदातल्या द्रवात सतत हवा घुसळून शिरका करण्याची पद्धत काढली. पिंपाला जेथे आठवडे लागत, तेथे आता एक-दोन दिवसांत काम होऊ लागले. वेग वाढला, तशी जोखीमही वाढली. १९७९ साली असेटोबॅक्टरच्या एका विषाणूचे वर्णन प्रसिद्ध झाले. पुढच्या दीड दशकात जर्मनी व स्वित्झर्लंडकडच्या संशोधकांनी शिरक्याच्या कारखान्यांतले द्रव इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्यांत हे विषाणू आढळले.

त्याची कारवाई अशी. तो जीवाणूच्या अंगाला चिकटतो आणि आपले आनुवंशिक द्रव्य आत सोडतो. मग जीवाणूची सारी यंत्रसामग्री धन्याचे काम टाकून विषाणूच्याच प्रती काढू लागते. शेवटी जीवाणू फुटतो आणि डझनावारी नवे विषाणू बाहेर पडतात. हौदात सारे जीवाणू एकाच घराण्याचे असले, तर सगळे एकदम बळी पडतात आणि आम्लता जेथल्या तेथे थांबते. नाना जातींचे जीवाणू एकत्र नांदत असले, तर काही मरतात, काही टिकतात आणि काम पुढे रेटतात. एकजिनसी फळी एका घावात कोसळते, हे आम्हां संघटनेच्या माणसांना निराळे शिकवावे लागत नाही.

यावर उपायही आहेत. हौद व नळ्या तापवून स्वच्छ ठेवणे, आत जाणारी हवा गाळणे, बिघडलेल्या हौदातला द्रव पुढच्या हौदाला विरजण म्हणून न वापरणे आणि निराळ्या घराण्याचे जीवाणू हाताशी ठेवणे. यांतला एकही उपाय कामगाराला घरी बसवून साधत नाही.

२००१ सालच्या त्या हौदात विषाणूच होता, असे आम्ही म्हणत नाही. पुराव्यावाचून माणसाला दोषी धरू नये म्हणून भांडलेल्यांनी पुराव्यावाचून विषाणूला तरी दोषी का धरावे? पण हौदातला थोडा द्रव बाटलीत भरून प्रयोगशाळेत पाठविला असता, तर खरे काय ते कळण्याची आशा होती. त्या बाटलीचा खर्च तीन महिन्यांच्या पगारापेक्षा खचित कमी आला असता. तेव्हा मागणी करावयास आम्ही चुकलो, हेही कबूल केले पाहिजे. आम्ही पंपाची नोंदवही मागितली. बाटली मागण्याइतके आम्हांला कळत नव्हते. आता कळते. म्हणून पुढच्या वेळी हौद बसेल, तेव्हा आम्ही दोन्ही मागू.