सर्व्हरवरील चलमूल्यांचे ब्राउझरमधील स्क्रिप्टकडे हस्तांतरण : एक ऐतिहासिक आढावा
(कल्याण-डोंबिवली व ठाणे परिसरातील नागरी सेवांच्या संदर्भात)

गोषवारा : वेबपृष्ठ सर्व्हरवर तयार होते आणि नागरिकाच्या ब्राउझरमध्ये चालते. सर्व्हरवरील चलाचे मूल्य ब्राउझरमधील स्क्रिप्ट फंक्शनपर्यंत पोहोचविण्याच्या पद्धती १९९५ नंतर कशा बदलत गेल्या, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे. हे बदल प्रामुख्याने चुकांतून आणि विश्वासाच्या प्रश्नांतून घडले, असे लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : ई-प्रशासन, सर्व्हर, ब्राउझर, चलमूल्य, जावास्क्रिप्ट, युनिकोड.

१. प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या अखेरीस कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेने ई-प्रशासनाचा प्रकल्प हाती घेतला. जन्म-मृत्यू नोंदी, मालमत्ता कर, पाणीपट्टी इत्यादी सेवा नागरी सुविधा केंद्राच्या खिडकीवर संगणकाच्या साहाय्याने मिळू लागल्या. पुढे राज्य शासनाने हा नमुना इतर नागरी स्थानिक संस्थांसाठी स्वीकारला. अशा प्रकल्पांचा इतिहास सांगताना निर्णय, खर्च आणि पुरस्कार यांची नोंद होते. परंतु कार्यालयातील नोंद नागरिकाच्या पडद्यावर नेमकी कशी उतरते, हा प्रश्न दुर्लक्षित राहतो. प्रस्तुत लेख त्या सांध्याचा इतिहास तपासतो. लेखातील उदाहरणे स्पष्टीकरणासाठी योजलेली असून ती कोणत्याही विशिष्ट संस्थेच्या प्रणालीतील नाहीत.

२. पार्श्वभूमी

भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्याच वर्षी रास्मुस लेरडॉर्फ यांनी सर्व्हरवर चालणारी पीएचपी प्रसिद्ध केली, तर नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट रचली. मायक्रोसॉफ्टची एएसपी १९९६ मध्ये आली. अशा रीतीने एकाच पृष्ठाच्या घडणीत दोन भाषा आल्या. मात्र त्या एकाच वेळी, एकाच ठिकाणी चालत नाहीत.

सर्व्हरची स्थिती देयक लिहिणाऱ्या लिपिकासारखी आहे. देयक टपालात पडल्यावर लिपिकाला त्यातील आकडा बदलता येत नाही आणि वाचणाऱ्याच्या घरात डोकावताही येत नाही. त्याचप्रमाणे सर्व्हर ब्राउझरमधील फंक्शनला थेट हाक मारू शकत नाही. पृष्ठ पाठविण्यापूर्वी त्या हाकेचा मजकूर तो पृष्ठात लिहून ठेवतो, एवढेच त्याच्या हाती असते. या विषयातील बहुतेक घोटाळ्यांचे मूळ हा भेद न ओळखण्यात आहे.

३. पहिला टप्पा : मजकुरात मिसळलेले मूल्य

आरंभीची रूढ पद्धत सोपी होती. स्क्रिप्टच्या ओळीत फंक्शनच्या कंसात सर्व्हरने चलाचे मूल्य छापावयाचे. परंतु सर्व्हरच्या दृष्टीने जे मूल्य असते, ते ब्राउझरच्या दृष्टीने भाषेतील वाक्य ठरते आणि तो त्या वाक्याचा अर्थ आपल्या व्याकरणानुसार लावतो.

कल्याण-डोंबिवलीचा दूरध्वनी संकेतांक ०२५१ अवतरणचिन्हाविना छापला, तर आरंभीच्या शून्यामुळे जावास्क्रिप्टचा जुना नियम तो अष्टमान संख्या समजतो आणि फंक्शनला १६९ मिळतात. ठाण्याच्या ०२२ चे याच न्यायाने १८ होतात. आर्थिक वर्षाचा पहिला दिवस ०१/०४/२००२ असा उघडा छापल्यास तो भागाकार ठरतो. अवतरणात घालून तारखेच्या फंक्शनला दिल्यास ब्राउझर सामान्यतः तो अमेरिकी पद्धतीने ४ जानेवारी असा वाचतो. पडद्यावर चुकीची सूचना येत नाही, हे अधिक घातक; थकबाकीचे दिवस मात्र चुकतात.

नावांचा प्रश्न याहून नाजूक आहे. २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात असलेल्या वसई परिसरात ख्रिस्ती कुटुंबांची मोठी वस्ती आहे. डि'सोझा हे आडनाव रोमन लिपीत एकेरी चिन्हासह लिहिले जाते. मूल्याभोवतीही तेच चिन्ह असेल, तर आडनावाच्या दुसऱ्याच अक्षरापाशी ब्राउझरच्या लेखी मूल्य संपते आणि संपूर्ण स्क्रिप्ट बंद पडते.

देवनागरी मजकुरातही हा धोका होता. युनिकोडपूर्व काळातील कृतिदेव टंकात 'श' अक्षराचा पहिला भाग एकेरी अवतरणचिन्हाच्या संकेतावर आणि 'ढ' हे अक्षर एचटीएमएल खुणेच्या आरंभचिन्हावर बसविलेले होते. त्या टंकात नोंदलेले 'शहाड' हे कल्याणलगतच्या स्थानकाचे नाव पहिल्याच चिन्हावर स्क्रिप्ट मोडू शकते. भारत सरकारने २००९ मध्ये ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक अधिसूचित केले. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतंत्र संकेत असल्याने ही विशिष्ट अडचण उरत नाही.

४. दुसरा टप्पा : विश्वासाचा प्रश्न

नावातील एक चिन्ह स्क्रिप्ट मोडू शकत असेल, तर हेतुपुरस्सर लिहिलेला मजकूर ती आपल्या मर्जीनुसार चालवूही शकतो. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेतील सर्ट संस्थेने या धोक्याविषयी जाहीर सूचना काढली. ऑक्टोबर २००५ मध्ये मायस्पेस या संकेतस्थळावर एका वापरकर्त्याच्या ओळखपृष्ठातील मजकूर स्क्रिप्ट म्हणून चालला आणि सुमारे एका दिवसात दहा लाखांहून अधिक खात्यांत पसरला.

याची दुसरी बाजूही आहे. कराची रक्कम ब्राउझरकडे पाठविली की ती नागरिकाच्या ताब्यात जाते. पृष्ठातील अदृश्य रकान्यात ठेवलेला आकडाही त्याला पाहता व बदलता येतो. म्हणून ब्राउझरमधील आकडेमोड केवळ माहितीसाठी मानावी आणि भरणा स्वीकारताना सर्व्हरने मूळ नोंदीवरून रक्कम पुन्हा काढावी, हा दंडक आवश्यक ठरतो.

५. तिसरा टप्पा : करारबद्ध मूल्य

मार्च १९९९ मध्ये आलेल्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये पृष्ठ उघडल्यानंतरही सर्व्हरकडे स्वतंत्रपणे विचारणा करण्याची सोय होती. फेब्रुवारी २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी या कार्यपद्धतीला एजॅक्स असे नाव दिले. आता मूल्य आधीच लिहून ठेवण्याऐवजी गरजेच्या वेळी मागविता येऊ लागले.

अशा देवाणघेवाणीसाठी ठरावीक रूप हवे होते. डग्लस क्रॉकफर्ड यांनी पुढे आणलेल्या जेसॉन या रचनेने ती गरज भागविली. २००६ मध्ये पीएचपीत जेसॉन घडविण्याची आणि २००९ मध्ये जावास्क्रिप्टच्या प्रमाणित आवृत्तीत ते वाचण्याची सोय अंगभूत झाली. अवतरणचिन्हे, मराठी अक्षरे, संख्या आणि शब्द यांतील भेद आता नियमाने राखला जाऊ लागला. २०१४ मध्ये प्रमाणित झालेल्या एचटीएमएल ५ ने मूल्य स्क्रिप्टच्या मजकुराबाहेर, पृष्ठघटकाच्या गुणधर्मात ठेवण्याची रीत मान्य केली. मूल्य आणि आज्ञा यांची फारकत हे या टप्प्याचे सार होय.

६. निष्कर्ष

(१) सर्व्हरकडून ब्राउझरकडे मूल्य नेणे हे दोन भाषांमधील भाषांतर आहे. ते नियमाविना केल्यास आकडा, तारीख व नाव तिन्ही बदलतात.

(२) ही सीमारेषा विश्वासाचीही आहे. नागरिकाच्या बाजूने आलेले प्रत्येक मूल्य सर्व्हरने पुन्हा तपासले पाहिजे.

(३) ब्राउझरमध्ये दिसणारा पृष्ठाचा स्रोत हा केवळ परिणाम असतो. तो घडविणारी सर्व्हरवरील आज्ञावली त्यात नसते. स्थानिक स्वराज्य संस्थांनी जुन्या प्रणाली बदलताना जुनी आज्ञावली दफ्तराप्रमाणे जतन केली नाही, तर एखाद्या नागरिकाचे नाव वा देयक का चुकले, याचे उत्तर पुढील अभ्यासकाला मिळणार नाही. कागदी नोंदवहीत खाडाखोड तरी दिसत असे. येथे तीही उरत नाही.