कुठलं लिनक्स घ्यायचं? आधी कोठार कोणाचं ते विचारा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. तेव्हापासून वसई-विरारमधल्या ओळखीच्या शाळा, पतपेढ्या, दुकानदार मला एकच विचारतायत, "जुने कॉम्प्युटर भंगारात द्यायचे का?" मी म्हणतो, आधी लिनक्स टाकून बघा. की लगेच पुढचा प्रश्न: "कुठलं? उबंटू, डेबियन, फेडोरा, मिंट... किती ते प्रकार!" उत्तरासाठी थोडा इतिहास बघावा लागेल.

लिनक्स म्हणजे खरं तर नुसता गाभा. त्याभोवती हजारो प्रोग्राम जुळवून जो पूर्ण संच देतात, तो डिस्ट्रो. १९९३ च्या जुलैत पॅट्रिक व्होल्करडिंगने स्लॅकवेअर काढलं, ऑगस्टमध्ये इयन मरडॉकने डेबियनची घोषणा केली. स्लॅकवेअरमध्ये प्रोग्रामचा गठ्ठा मिळे. त्याला आणखी काय लागतं ते तुमचं तुम्ही बघायचं. डेबियनने आणि रेड हॅटने गठ्ठ्यावर चिठ्ठी लावली: 'मला अमुक फाइली लागतील.' यालाच पॅकेज म्हणतात.

पण चिठ्ठी वाचून सामान आणणार कोण? आपणच! डायल-अपच्या काळात विरारमध्ये मी हे भोगलंय. मासिकासोबत आलेल्या सीडीवरून लिनक्स टाकायचं, एक प्रोग्राम बसवायला जावं तर तो दुसरा मागणार, दुसरा तिसरा. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून फाइल उतरवायची आणि घरी आल्यावर कळायचं, आवृत्तीच वेगळी.

यावरचा उपाय डेबियनच्या मार्च १९९९ च्या २.१ आवृत्तीत होता: एपीटी. एक आदेश द्या, लागणारं सगळं योग्य क्रमाने कोठारातून येणार. नेट नसेल तर सीडींच्या संचातून. पुढे फेडोराकडे यम आणि २०१५ पासून डीएनएफ आलं, आर्चकडे पॅकमन. आज सोय सगळीकडे जवळपास सारखीच आहे.

मग फरक कुठे? कोठार कोण सांभाळतं, यात.

आपल्याकडची बावखलं आठवा. कित्येक बावखलं अनेक कुटुंबांची सामाईक. सगळे लक्ष ठेवतात तोवर पाणी टिकतं. निर्णय एकाच्या हाती गेला की भराव पडायला वेळ लागत नाही.

८ डिसेंबर २०२० ला रेड हॅटने जाहीर केलं की सेंटओएस ८ चा सपोर्ट २०२९ ऐवजी २०२१ अखेरच संपेल. त्यावर सर्व्हर चालवणाऱ्यांची झोप उडाली. पण सोर्स कोड खुला होता, म्हणून रॉकी आणि अल्मा लिनक्स उभी राहिली. उबंटूचं स्नॅप स्टोअर कॅनॉनिकल कंपनीच्या ताब्यात आहे. उबंटूवरच उभ्या असलेल्या मिंटने २०२० मध्ये त्याला आपोआप बसायला मनाई केली.

सामाईक म्हणजे आपोआप सुरक्षित, असंही नाही हां. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या छोट्या प्रोग्राममध्ये कोणीतरी मुद्दाम चोरदरवाजा ठेवल्याचं उघड झालं. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने खोदून बघितलं, तेव्हा ते सापडलं. डेबियनच्या चाचणी शाखेपर्यंत ते पोहोचलं होतं, स्थिर आवृत्तीत नाही. सावकाश, तपासून पुढे सरकण्याचा हा फायदा.

म्हणून शाळा-पतपेढीसाठी माझं मत: डेबियनची स्थिर आवृत्ती, नवख्यांसाठी मिंट. आपल्या सी-डॅकनेही बॉस लिनक्स डेबियनवरच उभारलं. पाया मोकळा असला की वर आपलं घर बांधता येतं.

आणि जिथे आपल्या कराचे किंवा फीचे पैसे लागतात, तिथे खरेदीआधी तीन प्रश्न विचारा. अपडेट कोण देणार? किती वर्षं? त्याने हात वर केले तर दुसऱ्या कोणाला पुढे चालवता येईल का? तिसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल, तर कितीही स्वस्त असू दे, सही करू नका.