पिंजऱ्यातला देह, शिकारीचे रान

रानातल्या वाघाच्या हुबेहूब चित्राची कुळकथा सांगणारे बहुतेक जण थेट भीमबेटकाच्या गुहांत जाऊन थांबतात. त्या गुहा विष्णू श्रीधर वाकणकरांनी १९५७ मध्ये उजेडात आणल्या. पुढच्या अभ्यासात येरवड्याच्या डेक्कन कॉलेजचा वाटा मोठा. वि. ना. मिश्र यांनी तिथे १९७३ पासून उत्खनन केले. यशोधर मठपाल तर स्वतःच चित्रकार. त्यांनी गुहांतल्या चित्रांच्या नकला उतरवून घेतल्या आणि त्यांवरचा ग्रंथ १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. पण हाच अभ्यास पाहिला तर वरची वंशावळ डळमळते. वाघ तिथे आहे, रेषाही जिवंत आहे. मात्र तो नुसत्या खडकावर उभा आहे, पायांखाली गवत नाही की अंगावर सावली नाही. जनावर ओळखू येणे वेगळे आणि ते आपल्या रानात वावरताना दिसणे वेगळे.

मला या चित्रात दोन कुळे दिसतात. देह आला पिंजऱ्यातून. येरवड्याच्या वरच्या अंगाला, संगमावर, इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट राहत असे. त्याच्यासाठी पुण्याच्या गंगाराम तांबटाने १७९० मध्ये पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला. गेंड्याचा आणि मार्जारकुळाचा काय संबंध, असे कोणी विचारील. जातीचा नाही, रीतीचा आहे: ऐकीव वर्णन बाजूला ठेवून समोरचे जनावर उतरवण्याची रीत. इंग्लंडात जॉर्ज स्टब्सने १७६५ च्या सुमारास हिंदुस्थानातून गेलेला चित्ता असाच रंगवला. चित्ता अस्सल, भोवतालचा मुलूख मात्र चित्रकाराच्या मनातला.

रान आले शिकारीतून. कोट्याच्या दरबारी चित्रांत अठराव्या शतकातच वाघ दाट झाडीत दिसतो, तेव्हा पहिला मान राजस्थानचा, हा आक्षेप वजनदार आहे. मी तो अर्धा मानतो. त्या झाडीत बहुधा बंदूक रोखलेला राजाही असतो. झाडी रंगवली आहे ती शिकारीचा देखावा म्हणून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन चित्रकार विल्हेल्म कूनर्ट पूर्व आफ्रिकेत जाऊन सिंह त्यांच्याच माळावर रंगवू लागला, तेव्हा देह आणि रान एकत्र आले. तोही शिकारीच! म्हणून या चित्रांचा उगम निसर्गप्रेमात शोधणे मला उतावळेपणाचे वाटते. ते प्रेम मागाहून आले. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा झाला तोच मुळी १९७२ मध्ये.